हादिझाच्या सुया

हादिझा युसुफ हिच्यावर अन्याय झाला. कधी? मागच्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कुठं? बजाजनगरात, काळे काकांच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, शेगडीतले कोळसे नुकते लाल व्हायला लागले होते तेव्हा. कुणी केला? याचं उत्तर एका नावात बसत नाही, म्हणून हे लिहावं लागतंय. त्या उत्तरात मीही आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी शोधून काढल्याचा आव आणू नये.

मी पत्रकं लिहिते. आमची सात-आठ जणांची संघटना आहे. नळाचं पाणी, कंत्राटी कामगार, बंद पडलेली बस, जे पेटेल त्यावर आम्ही पत्रक काढतो. पत्रकात माणूस मावत नाही, मुद्दा मावतो. मी हादिझाचा मुद्दा करायला गेले आणि हात तिचे पोळले. आता माणूस लिहून बघते.

उंच, रुंद खांद्यांची बाई. डोक्याला रंगीत कापड घट्ट बांधलेलं. ती जिना चढायला लागली की खालच्या घरातल्या कपबशा वाजायच्या, असं काळे काकू सांगायच्या. नायजेरियाच्या उत्तरेला कडुना नावाचं शहर आहे, तिथली. फार्मसीत पीएचडी करायला आलेली. काळे काका कंपनीतून निवृत्त झालेले, वरची खोली रिकामी, ती त्यांनी हिला दिली. चार वर्षं ती तिथं राहिली. प्रबंध लिहून, बांधून, जमा करून झाला होता. फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. ती झाली की डॉक्टर हादिझा युसुफ होऊन ती परत जाणार होती. तिकडं एका कॉलेजनं तिची जागा धरून ठेवली होती. एवढंच. तिला आपल्या शहराकडून एक परीक्षा हवी होती, दुसरं काही नको होतं.

तिचं मराठी तीन माणसांकडून आलेलं. काकूंकडून 'लई' आणि 'नाय'. सलीम खाटकाकडून दखनी. आणि माझ्याकडून, दुर्दैवानं, पत्रकांची भाषा. भाजीबाजारात कोथिंबिरीचा भाव ऐकला की ती जुडी परत ठेवायची, कमरेवर हात घ्यायची आणि म्हणायची, "या भावाचा मी जाहीर निषेध करते." भाजीवाली हसायची आणि मूठभर जास्त टाकायची. माझ्या चार वर्षांच्या निषेधांनी एवढं कधी मिळवलेलं नाही. मला ती नावानं हाक मारायचीच नाही. "ए पत्रकवाली, आज कुणाच्या विरोधात?"

एक शब्द मात्र ती तिकडूनच घेऊन आली होती. राहायला आली त्या दिवशी काकू तिला नळाच्या वेळा समजावत होत्या. एक दिवसाआड, तेही कधी येईल ते सांगता येत नाय, मोटर लावली की लाईट जाते. सगळं ऐकून घेऊन तिनं मोठा उसासा टाकला आणि म्हणाली, "दुनिया!"

काकू चपापल्या. "अगं बया, हिला आपलं येतंय की!"

तिच्या हौसा भाषेतही जगाला दुनियाच म्हणतात. अरबांचा शब्द दोन्हीकडं फिरत फिरत पोचलेला. मग तो तिचा सगळ्याला पुरणारा शब्द झाला. दूध नासलं, दुनिया. गाईडनं धडा परत केला, दुनिया. काळे काकांनी चौथ्यांदा तीच कंपनीतली गोष्ट सांगितली, दुनिया.

आता सुया म्हणजे काय ते एकदा नीट सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. सुया हा तिच्या भाषेतला शब्द. मांसाचे पातळ काप, त्यांना शेंगदाण्याच्या पेंडीचा तिखट मसाला चोळायचा, बांबूच्या काडीत ओवायचे आणि विस्तवाच्या कडेला धरून, ज्वाळेला न लावता भाजायचे. वरून पुन्हा मसाला, सोबत कच्चा कांदा आणि टोमॅटो, आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात. आपल्याकडं जशी रस्त्यावर भजी, तशी तिकडं संध्याकाळी सुया. तिच्या भाषेत तो एकवचनी शब्द आहे. आपल्याकडं आला, त्याचं अनेकवचन झालं, आणि अनेकवचनाला टोक आलं.

तिकडं हे बैलाच्या मांसाचं करतात. इथं ती बोकडाचं घ्यायची, आणि कुणी विचारायच्या आधीच ते सांगायची. इथं कोणती गोष्ट आधी सांगावी लागते हे चार वर्षांत तिला कळलं होतं.

तिचा बाप कडुनाच्या मोटारस्टँडवर सुया भाजायचा. विस्तवापुढं तिकडं पुरुषच उभे राहतात. बायका घरात मसाला कुटतात, तो बाहेर जातो, बाहेर पुरुषाचं नाव होतं. "वास माझा, नाव बापाचं," ती म्हणायची. लहानपणी ती खिडकीतून बापाचे हात बघायची, कोणती काडी कधी फिरवतो ते. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः विस्तवापुढं उभी राहिली ती बजाजनगरातल्या गच्चीवर. घरी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "इथं माझ्या बापाला कोण ओळखतं? इथं मी मोकळी हाय." हे वाक्य मला आता आठवू नये असं वाटतं.

मसाल्याला ती याजी म्हणायची. त्यासाठी ताजी पेंड लागते, म्हणून मी तिला आमच्याकडं वैजापूरला लाकडी घाण्यावर घेऊन गेले. घाणेवाल्या अण्णांनी तिला खालून वर पाहिलं आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "म्हशी किती हायत तुमच्याकडं?"

"एकच," हादिझा म्हणाली. "ही काय, समोर उभी हाय."

अण्णांना हसावं की नाही कळेना. मग असे हसले की घाण्याचा बैल थांबला. त्या दिवसापासून पहिल्या घाण्याची पेंड तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. ती पेंड घरी आणून पुन्हा पिळायची, फडक्यात घालून, सगळा भार टाकून. तेल राहिलं की मसाल्याच्या गुठळ्या होतात. मग कुटायची, त्यात सुंठ, मिरची, लवंग, मीठ. झाला की चिमटीत धरून फुंकायची. उडाला तर पास. नाही उडाला तर पुन्हा पिळायचं. फार्मसीवाली बाई, पण तिच्या खोलीत मला वजनकाटा कधी दिसला नाही.

आमच्या शेतात बांधावर तिला लाल अंबाडी दिसली. आई भाजीसाठी पाला खुडत होती आणि लाल बोंडं शेळीपुढं टाकत होती. हादिझानं शेळीच्या तोंडातून बोंड ओढून घेतलं. तिच्याकडं त्याचं सरबत करतात. आलं घालून उकळून तिनं आईला पेला दिला. आईनं अर्धा पेला पिऊन शेळीकडं बघितलं आणि म्हणाली, "हिचे लई लाड झाले म्हणायचे आजवर."

सलीमभाईंशी तिचं भांडण कायमचं होतं. तिला काप इतके पातळ हवे असायचे की पलीकडचं वाचता यावं. म्हणजे खरोखरच वाचता यावं. ती दुकानातलंच वर्तमानपत्र कापामागं धरायची आणि मोठी अक्षरं लावायची. माझ्याकडून शिकलेली देवनागरी तिनं अशी पक्की केली. "म... हा... पा... लि... दिसत नाय. जाड झालं."

"आपा, कायकू सताते?" सलीमभाई सुरी ठेवून द्यायचे. "ये गोश्त है, मलमल नईं!"

"मलमल करा. माझा बाप करतो."

"तो बाप को बुलाओ फिर!"

पुढच्या शनिवारी सलीमभाई तिच्यासाठी वेगळी सुरी परजून ठेवायचे. हे त्यांनी कबूल केलं नसतं.

आता काळे काकू. हे नीट वाचा, पुढं लागणार आहे. हादिझाला तिच्या गावचा, कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचा गोळा खायची सवय. आमटीसारख्या कालवणात बुडवून, बोटांनी तोडून. ते पीठ इथं कुठलं मिळणार? शोधता शोधता फार्मसीवालीला कळलं की आपला साबुदाणा त्याच कंदाचा. ती पिशवी घेऊन धावत खाली आली. "ममा, हे तुमच्याकडं काय हाय?" काकूंना ती ममा म्हणायची. काकू म्हणाल्या, "उपासाचं गं." हादिझा जिन्यातच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आमच्याकडं हे खाल्ल्याशिवाय जेवण झालं म्हणत नाय. तुमच्याकडं हे खाल्लं म्हणजे जेवण नाय!"

तेव्हापासून दर चतुर्थीच्या आधी दोघींचा साबुदाणा एकत्र गिरणीत जायचा. एका पिशवीत जायचा, एका पिशवीतून यायचा, आणि काकू स्वतःच्या हातानं वाटी लावून अर्धा हिचा डबा भरायच्या. हिच्या डब्यावर नाव नसायचं. एकदा काकूच म्हणाल्या होत्या, "अगं, नावं लिहून चिकटव, गोंधळ होईल." ती म्हणाली, "ममा, तुमच्या डब्यांवर कुठं हायत?" काकूंच्या स्वयंपाकघरात बिस्किटाच्या डब्यात मोहरी आणि चहाच्या डब्यात रवा. तुमच्याकडंही तसंच असेल. कोणत्या मराठी घरात डब्यावर लिहिलेलं आत असतं?

बाकी तिचा नियम एकच. तिच्या हातचं काही दिलं आणि कुणी विचारलं, हे कशाचं, तर म्हणायची, "आधी खा, मग विचार." पोटात गेलेल्याची भीती वाटत नाही, असं तिचं मत. हेही लक्षात ठेवा.

पत्रकाची कल्पना माझी. गल्लीत तिच्याबद्दल कुजबुज असायचीच. ही काय शिकते, औषधं, कसली औषधं, कळतंय आम्हाला. तिच्याकडं आलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना रिक्षावाले थांबवून नावं विचारायचे. मी म्हटलं, गल्लीला एकदा तिच्या हातचं खाऊ घालू. फुकट, गच्चीवर, सगळ्यांना. पोट भरलं की तोंड बंद होतं. काळे काका हो म्हणाले. हादिझा तर नवीन कापड डोक्याला बांधून तयार झाली. मी पत्रक लिहायला बसले.

तिनं मला विचारलं होतं. मी शपथेवर सांगते की तिनं विचारलं होतं. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं अक्षरं लावली, सु, या, आणि म्हणाली, "ह्याचा तुमच्यात दुसरा अर्थ हाय का?"

मी म्हटलं, "व्हय. शिवायच्या सुया. इंजेक्शनच्या सुया."

"मग?"

"मग काय? लोक दचकतील, मग हसतील, मग येतील. पत्रकाला तेच लागतं."

ती बराच वेळ त्या शब्दाकडं बघत राहिली. मग माझ्यावर विश्वास ठेवला. पत्रकांच्या कामात मी तिची गुरू होते.

तर पत्रक असं होतं. वर मोठ्या अक्षरांत: "सुया! मोफत सुया! नायजेरियाहून थेट बजाजनगरात. एकदा घ्याल तर पुन्हा मागाल. तरुणांनी जरूर यावं." त्याखाली वार, वेळ, काळे काकांच्या घराची खूण. आणि तळाला, लहान अक्षरांत: "भिऊ नका, टोचायच्या नव्हेत, खायच्या. मसाला लावून भाजलेलं बोकडाचं मटण. शाकाहाऱ्यांसाठी पनीरच्या." मला माझं फार कौतुक वाटलं होतं. आदल्या दिवशी पत्रकं वाटली. शनिवारी सकाळी कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तळाच्या दोन ओळी कापून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. कुणी कापला ते मला माहीत नाही. कुणी कुणी पुढं पाठवला ते माहीत आहे. दुपारपर्यंत तो बजाजनगरातून शहरात गेला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी मी तिथं नव्हते. मी चौकात उरलेली पत्रकं वाटत होते. पुढचं सगळं मला व्हिडिओतून माहीत आहे, तीन फोनमधले तीन व्हिडिओ, तीन कोनांतून. वेळही त्यातलीच. ते मी इतक्या वेळा पाहिलेत की आता आवाज बंद करूनही ऐकू येतात.

दोन पोलीस गच्चीवर येतात. मागून जिन्यात, शेजारच्या गच्च्यांवर, लोक. हादिझा शेगडीला वारा घालतेय. एक पोलीस विचारतो, "सुया कुठं हायत?"

तिचा चेहरा उजळतो. तिला वाटतं पहिला पाहुणा आला. "या, या! लवकर आलात. पहिली तुम्हालाच देते."

पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी शिट्टी मारतं.

"आजवर किती जणांना दिल्यात?"

"चार वर्षांत? मोजल्या नाय. लई."

"पोरासोरांना पण?"

"पोरांना तर लई आवडते."

माणसं 'बघा, बघा' म्हणतात. हिला वाटतं, कौतुक चाललंय. पोलीस डबा उघडतो. "हे तपकिरी काय?" ती म्हणते, "आधी खा, मग विचार," आणि याजीची चिमूट त्याच्या तळहातावर ठेवते. तो हात असा झटकतो जसा विंचू चढला. मग भिंतीला पुसतो. भिंतीवर तांबूस पट्टा उमटतो.

तिथं तिला कळलं. तिसऱ्या व्हिडिओत ते दिसतं. तिचं हसू तसंच राहतं आणि डोळे एकेक माणसाकडं फिरायला लागतात, त्यातली कितीतरी तिच्या हातचं खाल्लेली माणसं.

"डब्यांवर नावं का नाहीत?" मग दुसरा पोलीस पांढऱ्या पिठाचा डबा उघडतो आणि तिला नाही, सगळ्यांनाच विचारतो, "हे पांढरं काय?"

जिन्याच्या तोंडाशी काळे काकू उभ्या आहेत. कठड्यावर हात. तो डबा त्यांनी चार दिवसांपूर्वी स्वतः भरलेला. काळे काका काकूंकडं बघतात. काकू खाली बघतात. हादिझा हळूच म्हणते, "ममा?"

व्हिडिओ तिथं संपतो.

मी पोचले तेव्हा तिला खाली आणत होते. मी ओरडले, पत्रक मी लिहिलंय, खालच्या ओळी वाचा! तो पोलीस वाईट माणूस नव्हता. त्यानं माझ्या हातून पत्रक घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "मग वर असं का लिहिलं?" इतकी वर्षं अधिकाऱ्यांच्या टेबलापुढं उभी राहते मी, इतका बरोबर प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. "वरून सांगणं आलंय, न्यावं तर लागणार," तो म्हणाला. चार डबे, बांबूच्या काड्यांचा जुडगा आणि हादिझा, असं सगळं गाडीत बसलं. मॅरिनेट केलेलं मटण गच्चीवरच राहिलं. ते मांजरांनी खाल्लं.

संध्याकाळी तिला सोडलं. गुन्हा नाही, काही नाही, फक्त डबे तपासायला पाठवले. पण तोवर मोबाईलवरच्या एका बातमीत ती 'सुई गँगची म्होरकी' झाली होती. काळे काकांनी दोन दिवसांत खोली मागितली. "बाई, आमचा काय तुझ्यावर राग नाय, पण लोक बोलतात." सलीमभाई गप्प बसले. त्यांना मी दोष देत नाही. सलीम नावाच्या खाटकानं त्या आठवड्यात तोंड उघडलं असतं तर पुढचा व्हिडिओ त्यांच्या दुकानाचा असता. एकच माणूस पोलीस ठाण्यात गेला, वैजापूरचे अण्णा. कुणी न बोलावता, पेंडीची पिशवी घेऊन, एसटीनं. साहेबांच्या टेबलावर पेंड ठेवून म्हणाले, "वास घ्या. हीच हाय ती. मीच दिली." कुणी लिहून घेतलं नाही. पिशवी परत आणली नाही म्हणून त्यांना घरी बोलणी बसली.

आणि आम्ही, संघटना? आम्ही खुलासा काढला. "छपाईतील चुकीमुळे गैरसमज निर्माण झाला." छपाईत काही चूक नव्हती. चूक माझी होती आणि ती छापखान्यावर ढकलली. खाली माझी सही आहे. हादिझा तेव्हा शहरात एका मैत्रिणीकडं राहत होती. तिथं तिनं तो कागद अक्षर अक्षर लावून वाचला आणि विचारलं, "चूक कुठं हाय? सुया बरोबर लिहिलंय."

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या शब्दाला चूक म्हणू नको," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

तिची इथल्या मुक्कामाची परवानगी होळीच्या आठवड्यात संपत होती. परीक्षक त्यानंतर येणार होते. मुदत वाढवायला पोलिसांकडून 'हरकत नाही' एवढे दोन शब्द हवे होते. त्याऐवजी तिला प्रत्येक वेळी 'चौकशी चालू आहे' असे तीन शब्द मिळाले. होळी आली, आणि ती परीक्षेविनाच परत गेली. डब्यांचा अहवाल आला तो ती गेल्यावर आठ दिवसांनी. तीन डब्यांत शेंगदाणा, सुंठ, मिरची, लवंग, मीठ. चौथा डबा, साबुदाण्याचं पीठ. तो कागद मी पाहिला आहे. तो मात्र कुणी कुठल्या ग्रुपवर टाकला नाही.

अहवाल घेऊन मी काकूंकडं गेले. त्या साबुदाणा निवडत होत्या. मी कागद पुढं धरला. त्यांनी बघितला नाही.

"मला कुणी इचारलं का?" त्या म्हणाल्या.

"इचारलं होतं, काकू. सगळ्यांकडं बघून इचारलं होतं."

"ह्यांनी डोळे वटारले गं." मग, ताटातलं बोट न थांबवता, "आणि पत्रक कुणाचं होतं?"

आम्ही दोघी गप्प बसलो. गल्लीत अशा खूप घरांत दोघं-तिघं गप्प बसलेले असतील. तेवढ्यानं भागत नाही म्हणून मी लिहायला घेतलं.

शेवटचं तिला पाहिलं ते चिकलठाण्याला, विमानतळावर, सकाळी. मी आणि तिची ती मैत्रीण, दोघीच. तिनं राखाडी कापड बांधलं होतं. मी कधी तिला एका रंगात पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "थोडी याजी ठेवलीस का बरोबर?"

"पावडर? विमानतळावर?" ती हसली. "तू अजून पत्रकवालीच हायस."

मग म्हणाली, "व्हिडिओ कडुनाला पोचला. बापानं बघितला." तिला विस्तवापुढं उभं राहिलेलं तिच्या बापानं पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाला, कोळसे जास्त होते." तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढला. "खरं हाय. जास्तच होते."

आत गेल्यावर तिची बॅग उघडायला लावली. काचेतून दिसत होतं. कपडे, प्रबंधाची जाड प्रत, आणि जप्तीतून वाचलेले दोन डबे, घासून लख्ख केलेले. जवानानं एक डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला, झाकण काढून आत बघितलं. आत काही नव्हतं. मग त्यानं तो फिरवला. डब्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती, आणि तीवर तिच्या मोठ्या, डगमगत्या देवनागरीत एकच शब्द लिहिलेला होता: 'रिकामा'. दुसऱ्यावरही तेच. ती बाजूला उभी होती, दोन्ही हात दिसतील असे पुढं धरून. न सांगता.

आता तुमचं काम. तो कापलेला फोटो अजून फिरतोय. गेल्या महिन्यात मला जालन्याहून एकानं 'सावध राहा' म्हणून पाठवला. तुमचा फोन उघडा आणि शोधा. ज्या ग्रुपवर तुम्ही तो पाठवला होता त्याच ग्रुपवर, पुसून टाकण्याआधी, स्वतःच्या नावानं लिहा: "सुया म्हणजे मसाला लावून भाजलेलं मटण. मी खालच्या ओळी न बघता पुढं पाठवलं. चूक माझी." छपाईची नाही, तुमची. हा फोटो तुमच्याकडं नसेल तर दुसऱ्या कुणाचा तरी असेल, खालून कापलेला. त्याच्या खालच्या ओळी मागा, त्या मिळाल्या की ज्याला ज्याला पाठवलात त्याला त्या पाठवा. उद्या नाही. हे पान मिटायच्या आधी.